एआयची वीज आणि ती वाचवण्यासाठी झटणारे संशोधक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारे मित्र आणि नवी मुंबईत डेटा सेंटर आहेत त्या ऐरोली-महापे भागातले रहिवासी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये जिथे जिथे ‘युनिट’ म्हटलं आहे, तिथे वीजबिलावरचंच युनिट समजावं, म्हणजे एक किलोवॉट-तास. आकडा कुणाचा, हे त्या त्या उत्तरातच सांगितलं आहे, कारण या विषयात आकड्याइतकंच तो मोजला कुणी आणि कसा यालाही महत्त्व आहे.

सगळ्या जगातली डेटा सेंटर मिळून किती वीज घेतात?

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या एप्रिल २०२५च्या अहवालानुसार २०२४ साली सुमारे ४१,५०० कोटी युनिट, म्हणजे जगाच्या एकूण वीजवापराच्या दीड टक्क्याच्या आसपास. २०३० पर्यंत हा आकडा ९४,५०० कोटींच्या घरात जाईल, असा त्यांचा मुख्य अंदाज आहे. ही सगळी वीज एआयची नाही. ईमेल, बँका, व्हिडिओ, सरकारी पोर्टल सगळं त्यात आलं. वाढीचा मोठा वाटा मात्र एआयचा आहे.

दीड टक्का ऐकून हायसं वाटतं, पण हा भार जगभर सारखा पसरलेला नसतो. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने काढलेला २०२३चा वाटा ४.४ टक्के होता. त्यातही सगळा भार ठरावीक गावांत, ठरावीक उपकेंद्रांवर येतो, आणि वीजजाळ्याचा प्रश्न तिथे सुरू होतो.

मी एआयला एक प्रश्न विचारला तर किती वीज जाते?

गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जेमिनी या आपल्या एआयबद्दल आकडा दिला: मजकुराच्या मध्यक प्रश्नाला (निम्म्या प्रश्नांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ०.२४ वॉट-तास. नऊ वॉटचा एलईडी दिवा साधारण दीड मिनिट चालेल, एवढी ही वीज. असे हजार प्रश्न विचारले तरी पाव युनिटही होत नाही. हा आकडा आला, हे चांगलंच झालं, कारण त्याआधी मोठ्या कंपन्या याबद्दल जवळपास गप्पच होत्या. पण तो फक्त मजकुराचा आणि फक्त ‘मध्यक’ प्रश्नाचा आहे. लांबलचक विचार करून उत्तर देणारी मॉडेल, चित्रं आणि व्हिडिओ त्यात येत नाहीत.

साशा लुचिओनी आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये खुल्या मॉडेलांवर मोजमाप केलं. मजकुराचं वर्गीकरण हजार वेळा केलं तर ०.००२ युनिट, मजकूर हजार वेळा लिहून घेतला तर ०.०४७ युनिट, आणि चित्रं हजार वेळा काढून घेतली तर सरासरी २.९ युनिट. वर्गीकरण आणि चित्र यांच्यात हजार पटींहून जास्त फरक! म्हणून ‘एआयला किती वीज लागते’ या प्रश्नाला एकच उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. कोणतं काम आणि कोणतं मॉडेल, हे आधी विचारावं.

आणि मॉडेल तयार करताना?

जीपीटी-३ या भाषा-मॉडेलला सुमारे १२ लाख ८७ हजार युनिट लागले, असा अंदाज डेव्हिड पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडला. महिन्याला दीडशे युनिट वापरणारी सातशेहून अधिक घरं त्यात वर्षभर चालतील. ब्लूम या खुल्या मॉडेलची नोंद तर अधिक मोलाची आहे, कारण ती मॉडेल करणाऱ्यांनी स्वतः ठेवली: ३८४ जीपीयू (एआयची गणितं करणाऱ्या चिप), ४ लाख ३३ हजार युनिट, आणि या विजेपोटी सुमारे २५ टन कार्बन डायऑक्साइड. ते फ्रान्समधल्या झाँ झे महासंगणकावर घडलं आणि तिथली बहुतेक वीज अणुभट्ट्यांची. तेवढीच युनिट भारतीय वीजजाळ्यातून घेतली असती, तर आपल्याकडच्या प्रति युनिट सुमारे ०.७ किलोच्या हिशेबाने तीनशे टन झाले असते. मॉडेल तेच, चिपही त्याच, फरक फक्त तारेच्या दुसऱ्या टोकाला काय जळतंय याचा.

‘एक मॉडेल म्हणजे पाच मोटारींचं आयुष्यभराचं प्रदूषण’ असं वाचलं होतं. खरं आहे का?

हा आकडा एमा स्ट्रुबेल, अनन्या गणेश आणि अँड्र्यू मॅकॅलम यांच्या २०१९च्या निबंधातला. त्यांनी एका विशिष्ट आणि फार खर्चिक पद्धतीचा (मॉडेलची रचनाच संगणकाकडून शोधून घेण्याचा) अंदाज २८४ टन काढला. रोजच्या प्रत्येक मॉडेलला एवढा खर्च येतो, असं त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं, पण बातम्यांमध्ये तसंच छापून आलं. पुढे पॅटरसन यांच्या गटाने गुगलच्या आतली माहिती वापरून दाखवलं की त्या प्रकरणातला प्रत्यक्ष आकडा ८८ पटींनी कमी होता.

मला यात स्ट्रुबेल यांची बाजू घ्याविशी वाटते. बाहेरच्या संशोधकाला कंपनीच्या आतला मीटर दिसत नाही, त्याला अंदाजच बांधावा लागतो. त्यांनी प्रश्न विचारला म्हणून तर आतले लोक आकडे घेऊन पुढे आले. त्याच वर्षी रॉय श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी ‘हरित एआय’ची मागणी केली: शोधनिबंधात अचूकतेच्या शेजारी खर्चही छापा. आज या क्षेत्रात जे मोजमाप होतं, त्याची सुरुवात तिथून झाली.

चिपमध्ये वीज नेमकी जाते कुठे? गणितं करण्यात?

गणितात फार थोडी जाते. स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटर चिपसाठी दिलेला तक्ता या क्षेत्रातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. ३२ बिटांचे दोन दशांश आकडे गुणायला ३.७ पिकोज्यूल (ऊर्जेचं अतिसूक्ष्म माप) लागतात. त्यातला एक आकडा चिपबाहेरच्या डीरॅम स्मृतीतून आणायला सुमारे ६४० पिकोज्यूल. गुणाकारापेक्षा आकड्याची ने-आण पावणेदोनशे पट महाग! फोडणीत मोहरी टाकायची म्हणून दर वेळी वाण्याच्या दुकानात जाऊन चिमूटभर आणावी, तसा हा प्रकार. आज चिप बारीक झाल्या आहेत आणि आकडे बदलले आहेत, पण हे प्रमाण उलटलेलं नाही.

मोठ्या भाषा-मॉडेलमध्ये अब्जावधी वजनं, म्हणजे शिकताना ठरलेले आकडे, असतात. एकट्या वापरकर्त्याला उत्तर देताना प्रत्येक नव्या टोकनसाठी (शब्द किंवा शब्दाच्या तुकड्यासाठी) ही वजनं स्मृतीतून पुन्हा वाचावी लागतात. त्यामुळे कार्यक्षमतेवरचं जवळपास सगळं संशोधन एकाच प्रश्नाभोवती फिरतं: आकडे कमी कसे हलवायचे?

पूर्वी याची एवढी काळजी करावी लागत नव्हती. रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलं होतं की ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याला लागणारा व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरतो. त्यामुळे नवी चिप आली की वेग फुकटात वाढायचा. २००५च्या सुमारास ही सवलत संपली. त्यानंतर वाचलेलं प्रत्येक युनिट कुणीतरी डोकं लढवून वाचवलेलं आहे.

आकडे कमी हलवायचे म्हणजे काय करायचं?

पहिला मार्ग, आकडाच लहान करायचा. ३२ बिटांऐवजी १६, ८, आता ४ बिटांतही मॉडेल चालवतात. होरोविट्झ यांच्याच तक्त्यात ८ बिटांच्या पूर्णांकांचा गुणाकार ०.२ पिकोज्यूलमध्ये होतो. ने-आणही बिटांच्या प्रमाणात घटते.

दुसरा, नको ती वजनं छाटायची. साँग हान आणि सहकाऱ्यांनी २०१५-१६ मध्ये छाटणी आणि बिटकपात एकत्र करून ॲलेक्सनेट हे मॉडेल २४० मेगाबाइटवरून ६.९ मेगाबाइटवर आणलं, तेही अचूकता न गमावता. आज फोनवर जी मॉडेल चालतात, त्यांचं मूळ या कामात आहे.

तिसरा, मोठ्या मॉडेलकडून छोट्याला शिकवायचं. जेफ्री हिंटन, ओरिओल विन्याल्स आणि जेफ डीन यांनी २०१५ मध्ये ही पद्धत मांडली. चौथा, मॉडेल मोठं ठेवायचं पण एका वेळी त्याचा थोडाच भाग जागा करायचा. डीपसीक-व्ही३ मध्ये ६७१ अब्ज वजनं आहेत, एका टोकनसाठी त्यातली ३७ अब्जच कामाला लागतात.

पाचवा मला सर्वात सुंदर वाटतो. त्री दाओ आणि सहकाऱ्यांच्या २०२२च्या फ्लॅशअटेन्शनमध्ये गणित तेच राहतं, उत्तरही तेच येतं. ते फक्त गणिताचे तुकडे असे पाडतात की मधली भलीमोठी कोष्टकं चिपबाहेर लिहावीच लागत नाहीत. मूळ गणिताला धक्का न लावता निव्वळ ने-आण कमी केली, आणि वेग कित्येक पट वाढला.

जीपीयूचे वॉट कमी केले तर काम रखडणार नाही का?

थोडं रखडतं, पण वाटतं तेवढं नाही. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेच्या महासंगणक केंद्रात हे करून पाहिलं आहे. बर्ट हे भाषा-मॉडेल ट्रेन करताना जीपीयूंना १५० वॉटची मर्यादा घातली. ८० तासांचं काम ८२ तासांत झालं. अशा मर्यादेने मॉडेलनुसार १२ ते १५ टक्के वीज वाचते, असं त्यांना आढळलं.

कारण साधं आहे. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात आणि वारंवारितेच्या प्रमाणात वाढते. वेगाचे शेवटचे दोन-चार टक्के मिळवायला व्होल्टेज वर न्यावा लागतो, आणि वीज झपाट्याने वाढते ती त्या टप्प्यात. शिवाय जीपीयू अनेकदा स्मृतीतून आकडे येण्याची वाट पाहत असतो. वाट पाहायला पूर्ण वेग कशाला हवा?

हे स्वतः पाहता येतं. एन्व्हिडियाच्या जीपीयूवर टर्मिनलमध्ये एन्व्हिडिया-एसएमआय चालवलं की प्रत्येक कार्डासमोर दोन आकडे दिसतात, आत्ता किती वॉट आणि कमाल किती. काम सुरू करा आणि हा आकडा दर सेकंदाला पाहा. डेटा डिस्कवरून वाचला जात असताना तो खाली बसतो, मोठं गुणन सुरू झालं की कमाल मर्यादेला टेकतो. त्याच आज्ञेने प्रशासकाला मर्यादा उतरवता येते. आपल्या प्रोग्रॅममध्ये कार्ड रिकामं कुठे बसतंय, हे पाच मिनिटांत समजतं, आणि बहुतेक वेळा दोष डेटा वाचण्याच्या पद्धतीत सापडतो.

याच केंद्राने आणखी एक गोष्ट दाखवली. वेगवेगळ्या सेटिंग लावून शेकडो प्रयोग केले जातात तेव्हा कोणते फसणार, याचा अंदाज सुरुवातीच्या आलेखावरून येतो. ते वेळीच थांबवले तर ट्रेनिंगची ८० टक्क्यांपर्यंत वीज वाचू शकते.

मराठीत विचारलं तर जास्त वीज लागते, हे खरं का?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण आपल्यासाठी तो फार महत्त्वाचा आहे. उत्तर: बहुतेक मॉडेलमध्ये हो.

मॉडेल अक्षरं वाचत नाही, टोकन वाचतं. टोकनचे तुकडे प्रशिक्षणातल्या मजकुरावरून ठरतात आणि तो मजकूर बहुतांश इंग्रजी. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. ‘वीज’ हा शब्द व, दीर्घ वेलांटी आणि ज मिळून नऊ बाइटांचा. मराठी पुरेशी न पाहिलेली पद्धत त्याचे चिंध्यांसारखे तुकडे करते. उत्तर लिहिताना जेवढे तुकडे तेवढ्या वेळा वजनं वाचायची, म्हणजे तेवढी वीज, तेवढा वेळ आणि पैसे मोजणाऱ्याला तेवढं बिल.

ओपनएआयने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना स्वतःच तुलना दिली होती. एका नमुना वाक्याचे इंग्रजीत २७ टोकन होत होते, ते २४ झाले. त्याच वाक्याचे मराठीत ९६ होत होते, ते ३३ झाले. म्हणजे तोवर मराठी माणूस त्याच मजकुरासाठी साडेतीन पट टोकन खर्चत होता. टोकनची यादी सुधारली आणि ते एक-तृतीयांशावर आले. मराठीसाठी एवढी मोठी बचत कोणत्याही नव्या चिपने एका फटक्यात दिली नसती. भाषेवरचं काम हे ऊर्जेवरचंही काम आहे, हे मला इथे कळकळीने सांगावंसं वाटतं.

दुसरी बाजू छोट्या मॉडेलांची. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने मराठी मजकुराचा संग्रह आणि महाबर्ट हे मॉडेल २०२२ मध्ये खुलं केलं. नगरपालिकेकडे आलेल्या तक्रारी पाणी, रस्ते, कचरा अशा वेगळ्या काढायच्या असतील तर अशा मॉडेलने काम भागतं. तिथे अब्जावधी वजनांचं मॉडेल लावणं हा वर सांगितलेल्या ०.००२ आणि ०.०४७ मधला फरक विनाकारण भरणं आहे.

नव्या प्रकारच्या चिपबद्दल खूप ऐकतो. त्यात तथ्य किती?

काही चिप प्रत्यक्ष कामात आहेत. गुगलने २०१५ पासून वापरलेली टीपीयू ही एआयच्याच गुणनासाठी घडवलेली. २०१७च्या निबंधात तिची प्रति वॉट कामगिरी त्या काळच्या सीपीयू-जीपीयूच्या ३० ते ८० पट असल्याचं दिलं आहे.

काही प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर आहेत. मुंबईत आयआयटीमध्ये शिकलेले धर्मेंद्र मोधा यांच्या आयबीएममधल्या गटाने २०२३ मध्ये नॉर्थपोल चिप मांडली. तिच्यात स्मृती आणि गणित शेजारी शेजारीच असतं, बाहेर जायलाच नको. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत श्रीतोष गोस्वामी यांच्या गटाने २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये रेणूंच्या पटलाचं स्मृती-उपकरण दाखवलं. त्यात एकाच घटकात १६,५२० वेगळ्या अवस्था साठवता येतात आणि गणित साठवणुकीच्या जागीच होतं. बाजारात यायला अशा गोष्टींना वर्षं लागतात, तरीही दिशा मला योग्य वाटते.

डेटा सेंटरच्या थंडाव्याला किती वीज आणि पाणी लागतं?

संगणकांना एक युनिट पुरवायला इमारतीला एकूण किती युनिट घ्यावी लागतात, त्या गुणोत्तराला पीयूई म्हणतात. १ म्हणजे आदर्श. गुगलची सरासरी १.०९ आहे, उद्योगाची साधारण दीडच्या वर.

पाण्याचा हिशेब वेगळा आणि जास्त गुंतागुंतीचा. पाणी बाष्प करून थंड केलं तर वीज कमी लागते पण पाणी जातं. कोरड्या पद्धतीने केलं तर पाणी वाचतं पण वीज वाढते. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या विद्यापीठात शाओलेई रेन यांनी या पाण्याचा, वीजनिर्मितीला लागणाऱ्या पाण्यासकट, हिशेब मांडायला सुरुवात केली. मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवन नीट होत नाही, त्यामुळे थंड देशातला पीयूई इथे आपोआप मिळणार नाही. नव्या रॅकची (संगणक रचलेल्या एका कपाटाची) वीज १२० किलोवॉटच्या घरात गेली आहे. एवढी उष्णता हवेने निघत नाही, चिपला चिकटून द्रव फिरवावा लागतो.

नवी मुंबईतल्या रहिवाशांनी काय विचारावं?

देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा जवळपास निम्मा भाग मुंबई आणि नवी मुंबईच्या परिसरात आहे. समुद्राखालच्या केबल मुंबईत येतात, बँका आणि शेअर बाजार इथेच, म्हणून. प्रकल्प आला की चार गोष्टी विचाराव्यात: कमाल भार किती मेगावॉट, पीयूई वर्षभराचा की उत्तम दिवसाचा, पाणी पिण्याचं की प्रक्रिया केलेलं, आणि डिझेल जनित्रं वर्षाला किती तास चालणार.

‘शंभर टक्के हरित ऊर्जा’ असं कंपनी म्हणते तेव्हा?

बहुतेकदा वर्षभराचा हिशेब जुळवलेला असतो. दुपारी सोलापूरकडे कुठेतरी तयार झालेली सौरवीज कागदावर खरेदी होते, आणि रात्री दोन वाजता डेटा सेंटर चालतं ते जाळ्यात असेल त्या विजेवर, जी आपल्याकडे मुख्यतः कोळशाची. म्हणून काही संशोधक तासागणिक हिशेबाचा आग्रह धरतात, आणि माझ्या मते तोच खरा हिशेब. तो जुळवायला साठवण लागते: बॅटऱ्या, किंवा घाटघरच्या २५० मेगावॉट प्रकल्पासारखं वीज मुबलक असताना पाणी वर चढवून गरजेच्या वेळी खाली सोडणं.

दुसरा उपाय कामाची वेळ बदलण्याचा. ट्रेनिंग थोडा वेळ मंदावलं तर कुणाचं अडत नाही. वरुण शिवराम यांच्या एमराल्ड एआयने २०२५ मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये २५६ जीपीयूंचा भार ऐन मागणीच्या वेळी तीन तास २५ टक्क्यांनी उतरवून दाखवला, महत्त्वाची कामं चालू ठेवून.

कार्यक्षमता वाढली की वापरही वाढतो. मग या संशोधनाचा उपयोग काय?

विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच म्हटलं होतं: इंजिनं सुधारली आणि कोळसा जास्तच खपू लागला. एआयमध्ये हे दिसतंय. गुगल म्हणते की एका वर्षात प्रति प्रश्न वीज ३३ पटींनी घटली, आणि २०२४ मध्ये त्यांच्या डेटा सेंटरचा एकूण वीजवापर २७ टक्क्यांनी वाढला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पण याचा उलट दाखलाही आहे. एरिक मसनेट आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं की २०१० ते २०१८ मध्ये जगातल्या डेटा सेंटरचं काम साडेपाचशे टक्क्यांनी वाढलं आणि वीज फक्त ६ टक्क्यांनी. त्या आठ वर्षांत कार्यक्षमतेने वाढ पेलली. आता ती पेलवत नाही. म्हणून मला वाटतं, नुसती कार्यक्षमता पुरणार नाही, एकूण वापर जाहीर करण्याची सक्ती हवी. प्रति प्रश्न आकडा ऐकून समाधान मानू नये, वर्षाची बेरीज मागावी.

एआयमुळे वीज वाचते का?

काही ठिकाणी निश्चित. डीपमाइंडने २०१६ मध्ये गुगलच्या डेटा सेंटरमध्ये थंडाव्याची वीज ४० टक्क्यांपर्यंत वाचवली. हवामान अंदाजात तर फरक फार मोठा आहे. ग्राफकास्टसारखं मॉडेल दहा दिवसांचा अंदाज एका टीपीयूवर मिनिटाच्या आत देतं, जिथे आधी महासंगणक तासन्‌तास चालायचे. २०२५च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने एआयच्या मदतीने काढलेले पावसाच्या आगमनाचे अंदाज १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मोबाइलवर पाठवले. दुबार पेरणीचा खर्च ज्याने सोसला आहे, त्याला याचं मोल सांगायला नको. अशा कामासाठी लागणारी वीज मी आनंदाने मोजेन.

मी विद्यार्थी आहे. सुरुवात कुठून करू?

आधी मोजायला शिका. कोडकार्बन ही पायथन लायब्ररी आपल्या प्रोग्रॅमची वीज आणि कार्बनचा अंदाज देते. मिशिगन विद्यापीठात मोशरफ चौधरी यांच्या गटाने केलेलं झ्यूस जीपीयूची वीज मोजतं आणि योग्य मर्यादाही सुचवतं. दोन्ही फुकट आणि खुली आहेत.

मग एखादं छोटं मराठी मॉडेल घ्या. ते १६ बिटांत, ८ बिटांत आणि ४ बिटांत चालवा. प्रत्येक वेळी अचूकता आणि हजार वाक्यांमागे लागलेली युनिट, दोन्ही एकाच तक्त्यात लिहा. जोडाक्षरांवर आणि बोलीभाषेतल्या वाक्यांवर बिटकपातीचा परिणाम प्रमाण मराठीपेक्षा जास्त होतो का, हे तपासा. हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे आणि तो मराठी येणाऱ्यालाच नीट सोडवता येईल. यासाठी लॅपटॉप आणि एक मध्यम जीपीयू पुरतं. मोठं यंत्र हवं असेल तर पुण्यात सी-डॅकमध्ये परम सिद्धी-एआय आणि ऐरावत आहेत. आपल्या मार्गदर्शकांमार्फत वेळ मागता येतो का, ते विचारा. अर्ज करताना अपेक्षित जीपीयू-तासांच्या शेजारी अपेक्षित युनिटही लिहा, विचारलेली नसली तरी.